लता पगारेच्या हातची चिठ्ठी

लोकशाहीत मतदार हा राजा असतो, आणि वाद पडला तर राजाच्या मनात काय आहे हे शेवटी न्यायालयच सांगते. सिन्नर तालुक्यातल्या एका गणाच्या, म्हणजे मतदारसंघाच्या, राजाचे मन ओळखायला नाशिकच्या न्यायालयाला जवळजवळ सात वर्षे लागली. तोवर पंचायत समितीतली ती जागा स्थगितीत रिकामीच होती. एकोणऐंशी साली फेरमोजणी झाली आणि उघड झाले ते असे, की राजाचे काही ठरलेलेच नाही. सावळीराम अण्णांना एक हजार दोनशे चौदा मते, कोंडाजींनाही तेवढीच.

निकालाच्या दिवशी लता पगारे मागच्या बाकावर बसली होती. ती अण्णांच्या पक्षाची प्रशिक्षणार्थी कार्यकर्ती. म्हणजे बी.ए. झाल्यावर दीड वर्ष ती कार्यालयात पत्रे लिही, पाकिटे चिकटवी आणि भाषण संपायच्या आधी टाळ्या वाजू नयेत याकडे लक्ष ठेवी. अण्णा सभापती झाले की समितीत कारकुनाची जागा तिची, असा शब्द होता. घरी आई, आक्काबाई, विड्या वळताना रोज विचारी, "झाला का गं तुझा सभापती?"

मागच्या तारखेला घोषणा दिल्याबद्दल न्यायाधीशांनी सगळे कार्यकर्ते बाहेर काढले होते. म्हणून या वेळी कार्यालयाचे चिटणीस पुंजाराम यांनी फर्मान काढले होते : आत फक्त लता जाईल, आणि कोणी कोणाला ओळख दाखवायची नाही.

न्यायाधीशांनी कायदा वाचून दाखवला. मते समान, तेव्हा चिठ्ठी टाकायची. ज्याचे नाव निघेल तो निवडून आला. शिपायाने टाचण्यांचा डबा रिकामा करून आणला. दोन चिठ्ठ्या आत पडल्या. मग काढायची कोणी?

"शिपाई सिन्नरचा आहे," अण्णांचे वकील म्हणाले.

"कारकुनाची सासुरवाडी अण्णांच्या गावची," कोंडाजींचे वकील म्हणाले.

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "त्या मागच्या मुलीला बोलवा."

लता पुढे आली.

"या दोघांपैकी कोणाशी तुमचा काही संबंध?"

लताने अण्णांकडे पाहिले. अण्णा छतावरच्या पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता. 'नाही' म्हटले की झाले. पुंजाराम दाराच्या फटीतून मान हलवून तेच सांगत होते.

"आहे, साहेब. मी अण्णांच्या कार्यालयात काम करते."

पुंजारामांची मान जागीच थांबली. अण्णांच्या वकिलांनी हातातले कागद उगाच सारखे केले. कोंडाजींचे वकील हरकत घ्यायला उठले, तर खुद्द कोंडाजींनीच त्यांचा कोट मागून ओढला.

"साहेब, पोर खरं बोलली. आता तिच्याच हातानं होऊ द्या. माझी हरकत नाय."

तसे लेखी घेतले गेले. लताने डोळे मिटले, डब्यात हात घातला आणि एक चिठ्ठी काढली. ती उघडताना शिपायाचे तोंडही उघडे राहिले.

कोंडाजी.

बाहेर गुलाल उधळला. पुंजाराम लताच्या अंगावर धावले. "विकली गेलीस होय गं? उद्यापासून कार्यालयाची पायरी चढू नकोस!"

"तिला कशाला बोलता, पुंजाराम?" अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. मग लताला, "पण पोरी, 'नाही' म्हणायचं ना."

"म्हणणार होते, अण्णा. पण तुम्ही असं पंख्याकडे बघत होता, की मला वाटलं, खरंच मला ओळखत नाही."

 अण्णांनी खिशातून रुमाल काढला आणि तिच्या पुढ्यात धरला. तेव्हा तिला कळले की आपण रडतो आहोत.

तेवढ्यात गुलालाने माखलेले कोंडाजी गर्दीतून वाट काढत आले. समितीत दोन्ही गट बरोबरीचे; ही एक जागा ज्याची, सभापतिपद त्याचे. म्हणजे आता सभापती तेच.

"काय अण्णा, राग नाय ना? ह्या पोरीला मी घेतो. कारकुनाची जागा तिचीच. खरं बोलणारं माणूस हाफिसात एक तरी असावं."

"घ्या," अण्णा म्हणाले. "मीही तेच करणार होतो."

कोंडाजींचा गुलाल अंगावर आणि अण्णांचा रुमाल हातात घेऊन लता संध्याकाळी घरी पोचली. आक्काबाईने सुपातून मान वर केली. "झाला का गं तुझा सभापती?"

"झाला, आई. पण दुसराच."

"मग नोकरी?"

"पक्की."

आक्काबाईने त्या दिवशी उरलेली पाने उद्याच्या विड्यांसाठी भिजत ठेवली नाहीत.

समितीची वाढवलेली मुदत एकोणीस दिवसांनी संपली, सरकारने प्रशासक नेमला आणि सभापतीच उरला नाही.