जिथे मी, तिथे फोटो नाही

मी एक जुनं झाकण आहे. मित्रांनो, कॅमेऱ्याच्या भिंगावर बसणारं, पत्र्याचं, काळं, बाटलीच्या टोपणापेक्षा जरासं मोठं. याहून जास्त ओळख विचारलीत तर माझाच गोंधळ उडतो. ज्या कॅमेऱ्यावर माझं आयुष्य गेलं, त्याच्यासाठी मी घडलोच नव्हतो.

तो कॅमेरा दादाचा. चौकोनी पेटीसारखा, पुढे एकाखाली एक दोन भिंगं. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. दोन्ही भिंगांचं मूळचं जोडझाकण कुठल्याशा सहलीत हरवलं, तेव्हा दादानं मला जुन्या बाजारातून उचलून आणलं. मी फक्त खालच्या भिंगावर बसायचो. त्यामुळे मान खाली घालून पेटीतल्या काचेत बघणाऱ्याला समोरचं सगळं लख्ख दिसायचं, आणि खाली फिल्मपाशी मात्र काळोख. हा घोळ पहिल्या दिवसापासूनचा आहे.

पिशवीत माझे सोबती होते. उजेड मोजणारा मीटर, त्याला स्वतःचं चामडी घर. ऊन अडवणारं हूड. लांबून बटण दाबायची वायर. तिवई पिशवीत मावायची नाही, म्हणून तिचा तोरा वेगळाच. 'मी नसेन तर फोटो हलेल', 'मी नसेन तर काळा पडेल', असं प्रत्येकाला काही ना काही मिरवायला होतं. माझं उलटंच. मी असेन तर फोटोच नाही! मग मी गरजेचा की अडचणीचा? हूड म्हणायचं, "अरे, तू आहेस म्हणून भिंगावर ओरखडा नाही." ऐकून बरं वाटायचं, पण पटायचं नाही.

स्टुडिओ जिन्यावरच्या एका खोलीत होता आणि त्यामागेच आई, दादा, धाकटी यांचं घर. दादा फोटो काढायचा आणि त्याची धाकटी बहीण बाकी सगळं बघायची. कॉलर सरळ करणं, पोरांना हसवणं, आणि मला काढणं. दादा काचेत बघत विचारायचा, "झाकण?" धाकटी मला मुठीत घट्ट धरून म्हणायची, "माझ्याकडे." मग खट्! त्याशिवाय दादानं कधी बटण दाबलं नाही. शेकडो माणसांचे फोटो निघाले. मी एकही पाहिला नाही, कारण प्रत्येक वेळी मी तिच्या मुठीत होतो.

एकदा दादा बाहेर गेलेला असताना तिनं समोरच्या म्हाताऱ्या शिंप्याचा फोटो काढला. सुईत दोरा ओवताना त्याची जीभ जराशी बाहेर आली होती. तो फोटो जिन्याच्या दाराशी काचेत लागला. येणारा-जाणारा दादाला म्हणायचा, "वा! काय हात आहे तुमचा." आणि दादा नुसता हसायचा. हा माझा हात नव्हे, एवढे चार शब्द त्याच्या तोंडून निघेनात. धाकटीनं महिनाभर वाट पाहिली आणि बोलणं टाकलं.

मग सगळं आईमार्फत. एकाच खोलीत तिघं, तरी "त्याला सांग, पाणी तापलंय", "तिला सांग, मला दिसतंय". आई म्हणायची, "मी काय पोस्टमन आहे का रे?"

थोड्याच दिवसांत धाकटीला लांबच्या गावी, एका वर्तमानपत्रात फोटो काढायची नोकरी लागली. निघायच्या सकाळी आई अडून बसली, हिचा एक फोटो हवाच. फिल्मवर बारावी, शेवटची जागा उरली होती. दादानं कॅमेरा तिवईवर चढवला. धाकटी समोर उभी राहिली. मी भिंगावरच होतो. मला काढणारीच समोर होती ना!

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी फोटोच्या वेळी हजर होतो. ती सरळ माझ्याकडे बघत होती. मी तिला दिसत होतो, अगदी स्पष्ट. तिचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. दादाला वरच्या भिंगातून ती छान दिसत होती. त्यानंही काही विचारलं नाही. खट् झालं. ती गेली.

फिल्म धुतल्यावर अकरा जागी माणसं होती आणि बारावी जागा कोरी. दादानं मला खिळे न् बिघडलेल्या बॅटऱ्यांच्या खणात भिरकावलं. आईनं मात्र अल्बमच्या कोऱ्या पानावर फोटो अडकवायचे चार कोपरे चिकटवून ठेवले. खणात मी नऊ वर्षं एकच विचार करत होतो. ती बोलली का नाही? की चूक माझीच होती? मी तर नेमून दिलेलं कामच करत होतो. मग त्याचा असा विचका का व्हावा?

एके दुपारी खण उघडला. समोर धाकटी, कानाजवळचे केस पांढरे झालेली. आईच्या डोळ्यांचा दिवा मालवत चालला होता. तिनं दोघांना निक्षून सांगितलं होतं, मला दिसतंय तोवर ती जागा भरा.

धाकटीनं मला पदरानं पुसलं. "त्या दिवशी मला दिसत होतं रे दादा, हे लागलेलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारशील म्हणून थांबले. रोज विचारायचास."

दादा बराच वेळ तिवईचा स्क्रू उगाच पिळत राहिला. "मला वाटलं, तुला फोटो द्यायचाच नव्हता." मग हळूच म्हणाला, "शिंप्याच्या फोटोखाली तुझं नाव लिहिलंय."

"वाचलं आत्ता, जिना चढताना. लवकर लिहायचंस."

"चुकलं गं माझं."

ती समोर जाऊन उभी राहिली. दादानं काचेवर मान झुकवली आणि विचारलं, "झाकण?"

"माझ्याकडे."

फोटो चार कोपऱ्यांत बसला. आईनं अल्बम अगदी नाकाशी धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हिची एक मूठ का गं मिटलेली?"

त्या मुठीत मी आहे, मित्रांनो. फोटोत आहे आणि दिसत नाही, म्हणजे मी आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पण एक विनंती आहे. मला काढलंत की कुठे ठेवलंत ते लक्षात ठेवा. आणि समोरच्याच्या भिंगावर झाकण राहिलेलं दिसलं, तर कितीही भांडण असू द्या, तेवढं मात्र त्याला सांगा.