वालूरचं जांभूळ

आमच्या आबासाहेबाला फरशीची लय हौस. यंदा आंगणात पांढरी फरशी बसवली, आन् तवापासून हा माणूस स्वतःच्याच आंगणात चप्पल हातात घेऊन चालायलाय. मी म्हणलं, "भावजी, आंगण हाय का देवाचा गाभारा?" तर म्हणतात, "वैनी, जावई यायलेत. कायतरी इज्जत दिसली पाह्यजे का न्हाई?"

आबासाहेब म्हणजे माझा धाकटा दीर. पेडगावात आमची दोन घरं एकाच आंगणात, समोरासमोर. इकडं मी आन् आमचे मालक रंगनाथ, तिकडं आबासाहेब आन् माझी जाऊ कडूबाई. मधी जांभळाचं झाड. ते माझं. उगं म्हणायला माझं न्हाई, खरंच माझं. लग्न झालं तवा आईनं वालूरहून तुपाच्या डब्यात रोप लावून दिलतं. बाकीच्या बाया माहेराहून भांडी आणतात, मी झाड आणलं. सासूबाई तवा तोंडाला पदर लावून हासल्या. पुढं त्याच उन्हाळाभर त्याच्या सावलीला बाज टाकून घोरायच्या.

वालूरला आता माझं कोणी न्हाई. आई-बाप गेले, भावांनी घर इकलं आन् पुण्याला जाऊन ऱ्हायले. गाडी वालूरला थांबते, पण उतरून जाऊ कुणाच्या दारात? तवा माहेर म्हणलं की माझ्यापुरतं हे झाडच हाय. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं न्हाई. रडून मागायचं आपल्याच्यानं होत न्हाई.

पण जांभळाला फरशी काय कळती? यंदा अधिक जेठ आला, झाड लदलदून गेलं, आन् पांढऱ्या फरशीवर सकाळ-संध्याकाळ जांभळाचा सडा. आबासाहेब बसलेत पाण्याची बादली आन् ब्रश घेऊन घासत. चार दिवस घासलं आन् पाचव्या दिवशी ब्रश फेकून दिला.

"वैनी, धोंड्याचं जेवण झालं की हे झाड पाडायचं. मी मशीनवाल्याला सोमवारी बोलवलंय."

"कुणाला इचारून?"

"इचारायचं काय त्यात? खायचं तर बाजारात मिळतात की जांभळं. निस्ती घाण हाय ही."

घाण म्हणला! माझ्या डोक्यात सणकन गेली. पण मी आवाज चढवला न्हाई. मी म्हणलं, "भावजी, तुमच्या जावयाला बाटलीतलं रंगीत पाणी पाजू नका. मी ह्याच घाणीचं सरबत करते. जावयानं एक ग्लास पिऊन आपल्या तोंडानं दुसरा मागितला, तर झाडाला हात लावायचा न्हाई."

"आन् न्हाई मागितला तर?"

"तर मशीनवाल्याचा चहा मी करीन."

आबासाहेब हासले. "दिला शब्द." पलीकडं मालक पेपर वाचायलते, त्यांनी निस्ता पेपर खाली केला आन् माझ्याकडं बघितलं. त्यांचं तसंच असतं. पण मला भ्याव कशाचं? माझ्या हातचं सरबत पिऊन ग्लास खाली ठेवणारा माणूस मी अजून बघितला न्हाई.

जेवणाच्या आदल्या दिवशी झाडाखाली जुनी धोतरं आंथरली, मालकांनी काठीनं फांद्या हलवल्या. जांभूळ वरबडून काढायचं नसतं. पिकलेलं असलं की ते आपण होऊन सुटतं, बाकीच्याला अजून टाईम हाय समजायचं. घमेलंभर निघाली, काळीभोर, एकेक अंगठ्याएवढं. स्वच्छ धुतली, स्टीलच्या पातेल्यात घेतली. लोखंडाच्या कढईला लावायची न्हाईत, रंग मरतो. मग मी बसले कुस्करायला.

कडूबाई आली मिक्सरचं भांडं घेऊन. "आक्का, ह्यात फिरवू का? दोन मिनटात होईल."

"आन् बी फुटली मंजी? सगळं कडू होईल, तुझ्या नावावानी."

"असूद्या, असूद्या," म्हणून ती बी हासली आन् माझ्या शेजारी फतकल मारून बसली. लग्न होऊन आली तवापासून तिला हे ऐकवते मी. दोघींचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले. हातानं कुस्करलं की गर सुटतो आन् बी आख्खी ऱ्हाते. मग थोडं पाणी घालून मंद गॅसवर नरम करायचं, उकळी फुटू द्यायची न्हाई, आन् मऊ सुती फडक्यातून गाळायचं. फडकं पिळायचं बी न्हाई. पिळलं की तुरटपणा उतरतो. टांगून ठेवायचं, आन् थेंब-थेंब गळू द्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखरेचा पाक केला. दोन बोटात धरून ताणला, एक तार आली, गॅस बारीक केला आन् त्यात रस सोडला. आहाहा, काय रंग! कडूबाई म्हणली, "आक्का, पैठणीला असला रंग भेटत न्हाई." वरून लिंबू पिळलं. आता ऱ्हायलं मीठ आन् जिऱ्याची पूड. मी बाटल्या आणायला माझ्या घरात गेले, उकळत्या पाण्यातून काढून उन्हात पालथ्या घातलेल्या होत्या. येऊन मीठ घातलं, जिरं घातलं, ढवळलं, गार केलं.

चाखलं मात्र न्हाई. आमच्या घरात कायदाच हाय तसा. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे वाढायचे, आन् त्यानं तोंडात घालायच्या आधी घरातल्या कुणी काय बी चाखायचं न्हाई. माझ्या बोटाला पुरण लागलेलं दिसलं म्हणून सासूबाईनं एकदा पातेलंभर पुरण गाईला घालून परत शिजवायला लावलतं. तवापासून मी नाकानं आन् डोळ्यानं सैपाक करते. आन् तो बिघडत न्हाई.

दुपारी पुतणी निकिता आली, संगं जावई परमेश्वर. पोरगं गुणाचं हाय, शाळेत शिकवतंय, तोंड वर करून बोलत न्हाई. आबासाहेबानं पाय धुतले, नवीन पांढरा शर्ट-पँट दिला, पोरानं लगेच घातला. पाटावर बसवलं. मी ग्लासात बर्फ टाकला, सरबत ओतलं, गार पाणी घातलं आन् पुढं केलं. आबासाहेब मिशीतल्या मिशीत हासायलते. मी बी हासले. म्हणलं, हासा भावजी, जरा वेळानं बघू.

परमेश्वरनं एक घोट घेतला. थांबला. मग डोळे मिटले आन् सगळा ग्लास एका दमात रिकामा केला.

"कसं हाय, जावईबापू?"

"छान हाय, थोरल्या मामी."

"अजून देऊ?"

"नको नको. पोट भरलं."

आबासाहेबानं माझ्याकडं बघितलं. भुवया वर केल्या. पोट भरलं? सरबतानं? मी तिथंच दुसरा ग्लास ओतला आन् तोंडाला लावला. आता चाखायला हरकत नव्हती.

आई गं! खारट! समुद्राचं पाणी बरं म्हणायचं.

"कडूबाई! तू मीठ घातलंतं का ह्यात?"

"व्हय आक्का. तुमी बाटल्या आणायला गेल्या तवा घातलं मूठभर. म्हणलं, घाईत इसरतील."

"आगं, मी बी घातलं की मूठभर!"

दोघी जावांनी मीठ घातलेलं आन् एकीनं बी चाखलेलं न्हाई. असल्या घरात दुसरं काय होणार? मनात आलं, गप्प बसावं. पोरगं छान म्हणालंय, कुणाला कळायचं न्हाई, माझं नाव ऱ्हाईल. पण खारट गोष्टीला गोड म्हणून घ्यायचं, तेही झाडापायी? ते आपल्याला जमणार न्हाई. मी ग्लास खाली ठेवला आन् सगळ्यांच्या देखत म्हणलं, "सरबत बिघडलंय. लोणच्याचं पाणी झालंय. जावईबापू, तुमी आख्खा ग्लास प्यालात कसा?"

पोरगं लाजलं. "मामी, नारायण म्हणून बसवलंय. नारायणानं तोंड वाकडं कसं करावं?"

निकिता खो-खो हासायली. कडूबाईनं पदर तोंडात कोंबला. मालक बी हासले, म्हणजे बघा. एकटे आबासाहेब न्हाई हासले.

"वैनी, शब्द म्हणजे शब्द. दुसरा ग्लास न्हाई मागितला."

"शब्द सरबताचा होता, भावजी. हे सरबतच न्हाई. पानं वाढायच्या आत खरं करून आणते, मग बोला." मी पदर खोचला. "आवो, धोतरं आंथरा."

मालक उठायच्या आधी परमेश्वर उठला. "मी चढतो मामी. ल्हानपणी लय जांभळं पाडलीत." आन् कुणी न्हाई म्हणायच्या आत नारायण झाडावर! फांद्या हलायला लागल्या, जांभळं धबाधबा पडायला लागली. धोतरावर थोडी, फरशीवर जास्ती. पोरगं खाली उतरलं तर नवीन पांढरा शर्ट जांभळा, पँट जांभळी, आन् पावलं उठली सगळ्या फरशीवर, झाडापासून पाटापर्यंत. आबासाहेबांचं तोंड उघडं ऱ्हायलं. पण जावयाला बोलायची सोय कुठं हाय? जावयाचे पाय धुतलेत, आता त्याच पायाचे डाग घासायचे.

मी घाई केली न्हाई. घाईनं जांभूळ बिघडतं. कुस्करलं, नरम केलं, गाळलं, ताजा पाक घेतला. कडूबाईला हाताला धरून मिठाच्या डब्यापासून लांब बसवलं. ह्या बारीला चिमूट घातली, चाखलं, लिंबू पिळलं, परत चाखलं. चमचा कडूबाईच्या तोंडात दिला. तिनं डोळे मोठे केले. "आक्का, जाऊ द्या झाडबिड. ही बाटली मला द्या."

"तुझ्या नवऱ्याला सांग ते."

परमेश्वरच्या हातात ग्लास दिला. तो प्याला, घोट-घोट, बर्फ वाजवत. ग्लास रिकामा झाला तर बघायला लागला त्याच्या तळाला. आन् मग पुढं केला.

"मामी, दुसरा द्या."

मी आबासाहेबाकडं बघितलंच न्हाई. कशाला बघू? भरून दिला. तो निम्मा पिऊन पोरगं म्हणलं, "हे झाड कुठलं हो, मामी? आमच्याकडं असल्या जातीचं न्हाई."

"वालूरचं," मी म्हणलं. "माझ्या माहेराचं. आईनं तुपाच्या डब्यात दिलतं."

"मग यंदा तुमी बी जाणार असाल वालूरला. धोंड्याला."

लेकराला काय माहीत? त्यानं सरळ मनानं इचारलं, मी बी सरळ सांगितलं. "वालूरला कोणी न्हाई बापू. घर इकलं. मागच्या धोंड्याला बी गेलो न्हाई, ह्या बारीला बी न्हाई. माझं माहेर म्हणजे हे झाड हाय. म्हणून भांडले."

माझा आवाज कापला न्हाई, उगं सांगते असं न्हाई. मी ग्लास गोळा करायला लागले.

तेवढ्यात आबासाहेब उठले. आत गेले, आन् दुसरा पाट घेऊन आले. वाटलं, स्वतःला बसायला आणला. पण हा माणूस तसाच पुढं गेला, जांभळं तुडवत, पांढऱ्या फरशीवर चप्पल घालून! झाडाच्या बुडाला पाट मांडला. मग पाण्याचा तांब्या उचलला आन् आमच्या मालकांपुढं जाऊन उभे ऱ्हायले.

"दादा, ऊठ."

"कामून रं?"

"वालूरचा जावई हायेस ना तू? मग तिथं बस. पाय पुढं कर."

मालक माझ्याकडं बघायले. माझ्या डोळ्यातून पाणी आलं, आन् मी ते पुसलं बी न्हाई. मालक जाऊन झाडाखाली बसले. आबासाहेबानं खाली बसून भावाचे पाय धुतले, आन् ते पाणी जांभळं होऊन फरशीवरून वाहत गेलं.

"मशीनवाल्याला येऊ नको म्हणून फोन लावते," कडूबाई म्हणली.

"लावला मी," आबासाहेब मान वर न करता म्हणले. "सरबत चालू होतं तवाच."

मी आत गेले. ताट वाढलं, धोंडे ठेवले, वर तूप सोडलं. नव्या सरबताची बाटली फोडली आन् ग्लास भरला. मघाचा अनुभव ताजा होता, करताना चाखलेलं असलं तरी अजून एक घोट घेऊन बघावा असं लय वाटलं. पण न्हाई घेतला. आता वालूरच्या जावयाच्या आधी मी कशी चाखू?