वरच्या वस्तीचा झरा

पाणी योजनेवर काम करणारी ओलांदिना पाइपासाठी चर खणलेल्या डोंगरावर धापा टाकत पोचली, तेव्हा वरच्या वस्तीतली रोझालिना आजी चरातच फतकल मारून बसली होती. खणणारे खालच्या वस्तीतले लोक कुदळी टेकून उभे.

"उठा ना, आवो," ओलांदिना म्हणाली. तिमोरच्या डोंगरात आजीला आवोच म्हणतात.

"का उठू? माझ्या जमिनीतून पाणी जाणार, आणि माझ्या वस्तीचा घसा कोरडाच! मागच्या योजनेच्या लोकांनी संडास बांधून दिले, पाणी नाही दिलं. आम्ही त्यात मका साठवतो."

म्हातारीचं खोटं नव्हतं. योजनेसाठी ठरलेला झरा तिच्या वस्तीच्या खाली होता. ओलांदिना तिच्याशेजारी चरात बसली. "आवो, पाणी आपोआप चढ चढत नाही. तुमच्याहून उंचावर झरा असेल तर सांगा. मग बघा मी काय करते."

रोझालिनानं तिला नीट न्याहाळलं. पूर्वजांच्या पवित्र घराची राखण तिच्याच घराण्याकडे होती. "आहे एक. पण तो पूर्वजांचा. त्यांना विचारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी पवित्र घरापुढे कोंबडा कापला. आजी त्याची आतडी बोटांनी पसरून पूर्वजांचा कौल बघत राहिली. ओलांदिनाला परीक्षेच्या निकालालाही एवढी धडधड झाली नव्हती.

"देतायत," आजी म्हणाली. "पण झऱ्याच्या तोंडाला सिमेंट लावायचं नाही."

"नाही लावत! टाकी खाली बांधू."

टेकडीवर जिथे मोबाइलला रेंज येते, तिथून तिनं राजधानीत, दिली शहरात, नेल्सन साहेबांना फोन लावला. नेल्सन वैतागले. "मंजूर आराखडा आता बदलायचा? देणगीदारांना काय सांगू?"

"माउन नेल्सन," साहेबांना ती माउन, म्हणजे दादा म्हणायची, "एका वस्तीऐवजी दोन वस्त्या पाणी पितील. पाइप थोडा वाढेल, पण खणायला माणसं दुप्पट येतील. याला ते नाही म्हणाले, तर मी नोकरी सोडून कॉफी तोडायला जाते!"

नेल्सन हसले. "तुझ्यानं कॉफी तुटायची नाही. थांब जरा. त्यांच्याशी मी बोलतो."

चार दिवसांनी देणगीदारांचा होकार आला आणि डोंगर गजबजला. एरवी एकमेकांकडे न बघणाऱ्या दोन वस्त्यांतले लोक एकच पाइप खांद्यावर घेऊन चढू लागले. वाटेत चेष्टामस्करी, शिवीगाळ, गाणी, सगळं चालू.

पाणी सोडायच्या दिवशी वरच्या नळाभोवती अख्खी वस्ती जमली. ओलांदिनानं चावी फिरवली. नळ खोकला, फुसफुसला आणि गप्प झाला.

"बघ, रुसले पूर्वज," कुणीतरी पुटपुटलं.

"पाइपातली हवा आहे ती! थांबा जरा!" ओलांदिना ओरडली आणि तिनं चावी पूर्ण उघडली.

नळानं गढूळ चूळ टाकली. मग आणखी एक. आणि मग स्वच्छ, गार, जाड धार खळाळून पडली. पोरं किंचाळत धारेखाली घुसली. रोझालिना ओंजळ भरून आधी स्वतः प्यायली, मग दुसरी ओंजळ तिनं ओलांदिनाच्या तोंडावर फेकली.

तेवढ्यात दरीतून, खालच्या वस्तीकडून ढोलाचा आवाज आला, मागोमाग आरोळ्या.

"खालीही पाणी पोचलं, आवो!" ओलांदिना ओरडली आणि चपला हातात घेऊन उतारावरून पळत सुटली.