निळा रंग पातळ लावायचा असतो

मंगळवारी मिलिंग मशीनवरचा कटर थडथडत तुटला आणि त्याचा बोटभर तुकडा मशीन चालवणाऱ्या धाकटीच्या कानाला चाटून मागच्या कपाटात घुसला. कानाला तीन टाके पडले. जीव वाचला म्हणून सगळ्यांनी सुस्कारा सोडला, पण त्याच कारखान्यात ग्राइंडिंग, म्हणजे लोखंड घासून नेमक्या मापात आणायचं काम, करणारी तिची थोरली बहीण कपाटाला पडलेल्या भोकाकडेच बघत राहिली.

कटर स्पिंडलच्या, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याच्या, ज्या निमुळत्या भोकात बसतो, तो टेपर दोन महिन्यांपूर्वी थोरलीनेच घासला होता. कटर आत अंगभर टेकेल का, हे बघायला गेजला, म्हणजे त्याच मापाच्या निमुळत्या दांड्याला, निळा रंग लावून आत फिरवतात; जिथे टेकतो तिथे रंग उमटतो. रंग अगदी पातळ हवा. जाड असला की न टेकलेल्या जागीही लागतो. त्या दिवशी घरी जायच्या घाईत तिने तो जाड फासला होता. जाणूनबुजून, टेपर नीट नसला तरी सगळीकडे निळा दिसावा म्हणून.

आणि आता फोरमनने तेच काम पुन्हा तिच्याच गळ्यात घातलं. “तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही.”

थोरली मशीनशी गेली. स्पिंडलचा कडक थर आधीच झिजलेला. केसभर जास्त घासलं की स्पिंडल भंगारात. कमी घासलं तर... कपाटाचं भोक समोरच दिसत होतं. पहिल्या खेपेला रंग फक्त तोंडाशी लागला, आत कोरडंच. तिने घासायच्या चाकाचा कोन जरासा फिरवला, पुन्हा घासलं, पुसलं, गेज घातला. या वेळी निळाई आतपर्यंत एकसारखी उतरली. तरी तिने आणखी तीनदा तपासलं.

“झालं का गं ताई? लावू कटर?” कानाला पट्टी बांधलेली धाकटी आली.

“थांब. मागच्या वेळी मी रंग जाड लावला होता. मुद्दाम. घाई होती.”

धाकटीचा हात पट्टीकडे गेला. “कुणाला सांगितलंस?”

“तुलाच. आता फोरमनला सांगते. पण मशीन आधी मी चालवणार. तू दाराबाहेर जा.”

थोरलीने बटण दाबलं. कटर लोखंडात शिरला. आवाज एकसुरी, थरथर नाही. पहिला नग तयार होऊन उतरेपर्यंत तिने श्वास मोजून घेतला.

फोरमनने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि तपासणीवर सही करायचा तिचा अधिकार काढून घेतला. घरी जाताना धाकटी चार पावलं पुढेच चालत होती. कोपऱ्यावर थांबली, मागे न बघता म्हणाली, “यापुढे रंग मी लावणार. तू फक्त घासायचंस.”