दीड वीत गोधडी

हरिसिंगने ऑटोचा तापलेला सायलेन्सर उचलला तेव्हा चटका बसू नये म्हणून हाती लागलं ते फडकं घेतलं. सायलेन्सर जमिनीवर ठेवला, फडकं बाजूला टाकलं आणि तो पाणी प्यायला गेला. परत आला तर फडक्यातून धूर निघत होता. जाळ नाही, ठिणगी नाही, नुसता बारीक, संथ धूर. त्याने ते पायाखाली चुरडलं, पुन्हा चुरडलं, तरी कडेची लाल रेघ आपली पुढे सरकतच होती.

मग ते फडकं कशाचं, हे त्याच्या ध्यानात आलं.

त्याच्या याडीने, म्हणजे आईने, शिवलेल्या गोधडीचं ते उरलेलं टोक होतं. तिच्यातलाच कापलेला तुकडा काल संध्याकाळी त्याने घनश्याम सरांच्या गाडीत त्यांच्या बायकोच्या, बेबीताईंच्या पायाखाली बसवला होता. आणि सर-ताई सकाळी आठलाच ढाणकीला निघाले होते.

सरांची गाडी अख्ख्या यवतमाळात एकुलती एक. साठेक वर्षांची, लाल, बुटकी, दोनच माणसांची विलायती स्पोर्ट्स कार. थंड मुलखात जन्मलेली बिचारी. मे महिन्यात तिच्यात बसायचं म्हणजे चुलीत पाय घालून बसायचं. कॉलेजातून रिटायर झाल्यावर सरांनी मोठ्या हौसेने ती घेतली, पण ताई काही तिच्यात बसेनात. शेवटी त्या स्वतःच लोहारा भागातल्या त्याच्या गॅरेजच्या शेडमध्ये आल्या होत्या.

"हरिभाऊ, पाय भाजून निघते माहे. भाचीचं लगन हाय ढाणकीले आन् यायले, तुह्या सरायले, याच गाडीत जाचं हाय. कर बापा काहीतरी."

हरिसिंग आठ दिवस राबला. इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्याची सगळी भोकं त्याने रबरी बुचांनी बुजवली. धुराच्या नळीला आग सोसणारी पट्टी गुंडाळली. गालिचा उचलून खाली चंदेरी, न पेटणारी चादर चिकटवली. सरांच्या बाजूला ती पुरली. ताईंच्या बाजूला, नेमकी जिथे खालून धुराची नळी जाते तिथेच, दीड वीत कमी पडली. नवी चादर नागपूरहून यायला दोन दिवस लागणार होते आणि लग्न तर दुसऱ्या दिवशी. "थांबा" म्हणायला त्याची जीभ रेटेना. शेडमधल्या बाकावर याडीची गोधडी अंथरलेली असायची, चांगली सात पदरी, आरसे जडवलेली. तिच्यातला तुकडा त्याने कापला, बसवला आणि वर गालिचा टाकून मोकळा झाला. सांगायचं राहून गेलं, असं तो मनाशी म्हणाला होता. राहून बिहून काही गेलं नव्हतं. त्याने सांगितलं नव्हतं.

आणि ही चूक कोणी करावी? ज्याचा बाप जन्मभर जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी वाहत होता, त्याने. कापूस भडकत नाही, आतल्या आत धुमसतो; सकाळची ठिणगी दुपारपर्यंत गठाणीत गुपचूप चालत राहते आणि वारा लागला की मग कोणाच्या बापाचं ऐकत नाही, हे बाप जेवताना सांगायचा. गाडीत तर वाराच वारा. वरून पेट्रोल.

त्याने तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा वाजून वाजून बंद झाला. गाडी चालवताना सर फोन घेत नसत, आणि ते सगळ्यांना अभिमानाने सांगतही असत.

शेड उघडी टाकून हरिसिंगने मोटरसायकल काढली. आर्णी रोडला लागला तेव्हा वारा तोंडावर भाजत होता, पण अंगाला मात्र थंड घाम सुटला होता. आपण दोन माणसं मारली, एवढंच त्याला कळत होतं. ताईंनी शेडमध्ये येताना डब्यातून आणलेली शेवयांची खीर त्याला आठवली. पुढे वळणापलीकडे काळा धूर वर चढताना दिसला. त्याचा हात ॲक्सिलेटरवरून सुटला. गाडी कशीबशी वळणाशी नेली, तर शेतात कोणीतरी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या आणि शेतकरी निवांत तंबाखू मळत होता. हरिसिंगला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण पुढचा धूर पऱ्हाट्यांचाच असेल याची काय खात्री?

आर्णीच्या पुढे, कडुलिंबाखालच्या रसवंतीपाशी लाल रंग दिसला. गाडी उभी होती. अख्खी.

"अरे हरिसिंग! तू इथं कसा?" सर ग्लास हातात घेऊन उठले. "काय काम केलं बाबा तू! माह्या बाजूनं इंजिनचा ताव आत आलाच नाही. नागपूरच्या साऱ्या दोस्तांले सांगतो तुहं नाव."

ताई बाजेवर बसल्या होत्या. त्यांचे पाय बादलीतल्या पाण्यात होते, तळवे लालबुंद.

"मी म्हनलं नोतं तुमाले?" ताई सरांना म्हणाल्या. "गोधडीसाठी येईनच हा मांगं मांगं." त्यांनी पिशवीतून घडी केलेला तुकडा काढला. "घे बापा. गाडीत राह्यली होती तुही. पायाले आरसे टोचले म्हून पाह्यलं, तं मायच्या हातची गोधडी. तिच्यावर कशी पाय ठेवू मी?"

"पाय भाजले, पन हट्ट नाही सोडला," सर हसले. "मांडीवर घेऊन बसली साऱ्या रस्त्यानं."

हरिसिंगचे डोळे भरून आले. वाचली, माणसं वाचली. त्याने दोन्ही हातांनी गोधडी घेतली. ती ओली होती.

घडीचं टोक त्याने जरासं उचललं. आत तळहाताएवढं भोक होतं, काळ्या कडेचं. एक आरसा तडकून काजळला होता. राखेवर पाणी ओतलेलं स्पष्ट दिसत होतं. सरांना याचा पत्ताच नव्हता.

त्याने वर पाहिलं. ताई ग्लासातला बर्फ हलवत होत्या.

"आता घरीच ठेवजो ते," त्या हळूच म्हणाल्या. "गाडीत नोको."

हरिसिंगला पुन्हा भीती वाटली, पण ही वेगळी होती. एक शब्द बोलायची गरज नव्हती. गोधडी काखेत मारून तो परत जाऊ शकत होता. नागपूरपर्यंत नाव झालं असतं. सर खिशातून किल्ली काढत होते. ढाणकी अजून दूर होती. ताईंनी बादलीतून पाय काढले, ओठ घट्ट मिटून चपलेत सरकवले.

"सर," हरिसिंग म्हणाला. "किल्ली मले द्या. लग्नाले दुसऱ्या गाडीनं जा. मी गोधडीसाठी नाही आलो."

आणि त्याने घडी उलगडून गोधडी सरांपुढे धरली.