ओफेलियाच्या मुलाचा देवमासा

मी देवमासा बोलतोय. समुद्रातला नव्हे हं. दमेकरी मुलांना औषधाची वाफ देणारं निळ्या प्लास्टिकचं यंत्र आहे मी. पोरं घाबरू नयेत म्हणून कारखान्यात मला शेपूट आणि हसरं तोंड दिलं.

कॅलिफोर्नियातल्या बदामाच्या बागांजवळ, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, मी सहा वर्षांच्या यारेत्सीकडे आलो. ती इथलीच जन्माची, म्हणून सरकारी मदतीतून फुकट मिळालो. आईबाप, युफेमिया आणि क्रेसेन्सियो, मेक्सिकोच्या डोंगरांतून या बागांत राबायला आलेले.

झाडं हलवून बदाम पाडायचा हंगाम आला की सगळीकडे धूळच धूळ. यारेत्सीच्या छातीत शिट्ट्या वाजायच्या. मग मी घुरघुरायला लागायचो आणि त्या पांढऱ्या वाफेत आम्ही दोघं बागांवरून पोहत जायचो. "खाली बघ, बाबा मुंगीएवढे दिसतायत," ती पुटपुटायची. मी समुद्र कधी पाहिला नाही, पण तो असाच असणार.

मग क्रेसेन्सियोने इथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. शेजारची हर्मेलिंडा धावत आली. "अगं वेडे, सरकारची सुई जरी घरात सापडली तरी म्हणतील, हे लोक फुकटे! अर्ज गेलाच म्हणून समज."

युफेमियाने मला धुतलं, पुसलं. स्वतः लाल पक्षी भरलेल्या रुमालात उरलेल्या औषधासकट गुंडाळलं आणि थेट मदत-कचेरीत नेलं. सोबत मक्याच्या पानात उकडलेले डबाभर तामालेस.

टेबलामागची ओफेलिया चक्रावली. "अहो, हे परत कुणी देत नाही! मुलीचं औषध वडिलांच्या अर्जात धरत नाहीत."

"आज नाही धरत, बाई. उद्याही धरणार नाहीत, असं लिहून देता?"

ओफेलियाने पेन उचललं आणि परत ठेवलं. तिला ते लिहून देता येईना.

मी कचेरीतल्या कपाटावर पडून राहिलो. पुन्हा हंगाम आला, काचा धुळीने मळल्या. अर्धवट झोपेत मला ती शिट्टी ऐकू यायची. फार राग आला मला, पण युफेमियाचा नाही. इथे लोकांना घाबरवायला नियमसुद्धा लागत नाही, तो बदलेल अशी कुजबुज पुरते.

एका रविवारी ओफेलियाने मला त्याच रुमालासकट पिशवीत घातलं आणि त्या पत्र्याच्या घराचं दार वाजवलं. आतून शिट्टी ऐकू येत होती.

"हे सरकारचं नाही," ती घाईघाईने म्हणाली. "माझ्या मुलाचं आहे. तो मोठा झाला आता, पडूनच होतं."

युफेमियाने गाठोडं हातात घेतलं. लाल पक्ष्यावरून बोट फिरवलं. मग डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या मुलाचा रुमाल छान आहे हो. या, आत या. मक्याचं गरम आतोले प्या."

यारेत्सीने मला ओळखलं, पण आईकडे बघून तीही शहाण्यासारखी गप्प बसली. थोड्याच वेळात मी घुरघुरलो आणि आम्ही पुन्हा बागांवरून पोहत निघालो.

ओफेलियाला मूलबाळ नाही. पण तुम्हाला कुणी विचारलंच, तर मी तिच्या मुलाचा आहे. एवढं माझ्यासाठी सांगाल ना?