झेरॉक्सचा मेसेज

सुरुचीचा पगार डिजिटल रुपयात यायचा. "ही रोख रक्कमच आहे, फक्त फोनमधली," असं सांगत तिच्या नवऱ्याने, निहारने, वॉलेटला स्वतःचाही नंबर जोडला होता. तिच्या प्रत्येक खर्चाचा, दुकानाच्या नावपत्त्यासकट, मेसेज त्याला जायचा. घरात तो एकही नोट ठेवू देत नसे.

त्या दुपारी मारहाणीच्या मेडिकल रिपोर्टची झेरॉक्स काढून ती दुकानाशेजारच्याच जिन्याने वकील रेहाना शेख यांच्या ऑफिसात आली. खुर्चीत टेकते तोच फोन वाजला.

"नया नगरला झेरॉक्स कसली काढतेयस?" निहारने विचारलं.

काहीतरी थाप मारावी, असं सुरुचीला वाटलं. पण इथून रिक्षाने कुठेही गेलं, तरी पैसे दिले की तेही त्याला कळणार होतं.

"वकिलाकडे आलेय," ती म्हणाली. "आज घरी येणार नाही."

"थांब तिथेच. मी येतोय."

रेहानाबाईंनी दाराला आतून कडी लावली, पोलिसांना फोन केला आणि पर्समधून काही नोटा काढून तिच्या मुठीत दिल्या.

"पोलीस आले की मैत्रिणीकडे जा. या नोटांचा मेसेज कुणाला जात नाही."

जिन्यात पावलं वाजली. सुरुचीने मूठ घट्ट आवळली.

"दार उघडा," बाहेरून बाईचा आवाज आला. "पोलीस."